खरेदीखत २०११ चं, कायदा २०१४ चा: मोहोळ तालुक्यातली एक सावकारीची केस

आधीच सांगतो, गावाचं नाव देणार नाही आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून एकदोन तपशील इकडचे तिकडं केलेत. प्रश्न मात्र जसाच्या तसा आहे, आणि तो आपल्या सोलापूर जिल्ह्यात बऱ्याच घरांत पडून आहे. दोन माणसांनी रजिस्टर ऑफिसात जाऊन, सह्या-अंगठे करून व्यवहार पुरा केला, त्यानंतर तीन वर्षांनी विधिमंडळानं कायदा केला आणि त्या कायद्याच्या जोरावर एक अधिकारी म्हणतो की तुमचं खरेदीखत अवैध, जमीन परत द्या. हे घटनेत बसतं का? सावकाराची सगळी लढाई या एका वाक्यावर होती, आणि माझं मत विचाराल तर तिथंच त्याच्या वकिलानं चुकीची वाट धरली.

झालं असं. आमचे पक्षकार, त्यांना मामा म्हणूया, साठीच्या पुढचे. दोन गट त्यांच्या नावावर, एक तीन एकरांचा विहिरीखालचा, त्यात ऊस, आणि दुसरा रस्त्याकडेचा एक एकर दहा गुंठ्यांचा जिरायत. २०११ मध्ये पोराच्या ऑपरेशनला आणि विहिरीच्या खोदाईला मिळून तीन लाख लागले. सोसायटीचं आधीचं थकलेलं, बँक दारात उभी करेना, मग सिमेंट-सळईचं दुकान असलेला एक जण, ज्याची घरची थोडी शेतीपण आहे, त्यानं शेकडा तीननं पैसे दिले. शेकडा तीन म्हणजे महिन्याला, वर्षाला छत्तीस टक्के झाले. लायसन नव्हतं. आणि तारण म्हणून दोन्ही गटांचं चक्क खुशखरेदीखत, म्हणजे कायमच्या विक्रीचा दस्त, करून घेतलं, तोंडी बोली अशी की मुद्दल परत आलं की जमीन परत फिरवून देतो.

आता ज्याला ही रीत माहीत नाही त्याला वाटेल की सरळ गहाणखत का नाही केलं. तर मुद्दाम नाही करत. पूर्वी मुदत खरेदी असायची, म्हणजे खरेदीखतातच लिहायचं की अमुक मुदतीत पैसे फेडले तर जमीन परत. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५८(क) अशा खताला गहाण मानतं, पण त्याला १९२९ पासून एक परंतुक, म्हणजे जोड-अट, लागलंय की ती परत द्यायची अट त्याच दस्तात लिहिलेली पाहिजे, नाहीतर ते गहाण नाही, विक्रीच. सावकार लोकांना हे वकिलांपेक्षा चांगलं पाठ असतं, म्हणून दस्तात अट येऊच देत नाहीत, ती फक्त तोंडात ठेवतात. पुढं शेतकरी दिवाणी कोर्टात गेला की समोरून पुरावा कायद्याचं कलम ९२ (जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ९५) दाखवतात, लेखी दस्ताच्या विरुद्ध तोंडी बोली ऐकायची नाही. सुप्रीम कोर्टानं १९८१ मध्ये गंगाबाई विरुद्ध छबूबाई या केसमध्ये वाट ठेवलीय खरी, की दस्त नुसता दाखवायला केला होता, तो अमलात आणायचाच नव्हता, असं म्हणणं असेल तर तोंडी पुरावा देता येतो. पण ती वाट दिवाणी कोर्टातून जाते आणि तिथं मामांच्या वयाच्या माणसाला किती वर्षं लागतील ते तुम्हीच बघा.

२०१२-१३ चा दुष्काळ तर सगळ्यांना आठवतोय, विहीर खोदून पाणी नाही, ऊस जळाला. मामा २०१३ च्या दिवाळीपर्यंत महिन्याला नऊ हजार कसंबसं देत राहिले, मग थांबले. सावकारानं फेरफार आधीच ओढून घेतला होता, सातबारा त्याच्या नावावर. २०१५ मध्ये त्यानं रस्त्याकडचा गट शेजारच्या गावातल्या एका दूधवाल्या शेतकऱ्याला विकला, आणि २०१६ मध्ये ट्रॅक्टर घालून दोन्ही गटांचा ताबा घेतला. तोवर, म्हणजे "विकल्या"नंतर पाच वर्षं, जमीन मामाच कसत होते. मामा पहिल्यांदा आले तेव्हा एका पिशवीत कारखान्याच्या उसाच्या पावत्या आणि पंपाची लाइट बिलं कोंबून आले होते आणि म्हणाले, "वकीलसाहेब, कागुद त्येच्या नावावर झाला, पर बिलं आमीच भरलीत की ओ." ती पिशवी नंतर आख्ख्या केसमधला सगळ्यात भारी पुरावा ठरली.

अर्ज गेला महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम २०१४ च्या कलम १८ खाली, जिल्हा निबंधकाकडं, म्हणजे सहकार खात्याच्या डीडीआरकडं (जिल्हा उपनिबंधकाकडं). हे कलम काय म्हणतं ते थोडक्यात. सावकाराकडं विक्री, गहाण, भाडेपट्टा, अदलाबदल कशाही नावानं आलेली स्थावर मालमत्ता, अर्जाच्या आधीच्या १५ वर्षांत आलेली, ती खरं म्हणजे कर्जाचं तारण होती का याची चौकशी निबंधकानं करायची, समोरच्याला नोटीस द्यायची, म्हणणं मांडायला १५ दिवस द्यायचे, आणि खात्री पटली तर कारणं नोंदवून दस्त अवैध ठरवायचा आणि ताबा कर्जदाराला परत द्यायचा आदेश करायचा. दुसऱ्या कुठल्याही कायद्यात काही असलं तरी. ते १५ वर्षं बघा. कायदा २०१४ चा, अर्ज २०१७ चा, म्हणजे तो थेट २००२ पर्यंत मागं बघू शकतो. विधिमंडळानं डोळे उघडे ठेवून मागच्या करारांना हात घातलाय, हे चुकून झालेलं नाही.

सावकाराचा पुतण्या पुण्यात लॉ करतो. त्यानं म्हणणं लिहून दिलं असावं कारण त्यात चक्क "कॉन्ट्रॅक्ट क्लॉज" होता, की राज्याला झालेल्या कराराची बंधनं कमजोर करणारा कायदा करताच येत नाही. वाचून मला हसू आलं पण पोरानं अभ्यास केला होता, फक्त देश चुकला. ती तरतूद अमेरिकेच्या घटनेतली आहे, पहिलं कलम, दहावा खंड, तीही फक्त तिथल्या घटकराज्यांवर. आणि तिथंसुद्धा १९३४ मध्ये ब्लेसडेल केसमध्ये, मंदीच्या काळात मिनेसोटा राज्यानं गहाण घरं सोडवायची मुदत वाढवणारा कायदा केला होता, तो तिथल्या सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार असा टिकवला. म्हणजे जिथं क्लॉज आहे तिथंही तो अभेद्य नाही. आपल्या घटनेत तर असा क्लॉजच नाही. करार हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा विषय, शेतजमीन राज्य सूचीत, आणि राज्य सूचीची ३० वी नोंद सरळ सावकारी, सावकार आणि शेतकऱ्यांचा कर्जबाजारीपणा यावरच आहे. कर्जबाजारीपणातून दिलासा द्यायचा म्हणजे आधी झालेल्या कर्जाला हात लावणं आलंच की, पुढं होणाऱ्या कर्जातून दिलासा कसला देणार.

आणि ही परंपरा आपल्याकडं आजची नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या, दंगा नगर जिल्ह्यात पसरला, आणि त्यानंतर १८७९ मध्ये डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्ट आला. तो सुरुवातीला ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला ते म्हणजे पुणे, सातारा, नगर आणि आपलं सोलापूर. त्या कायद्यात कोर्टाला रोख्याच्या मागं जाऊन सगळा हिशोब पहिल्यापासून उकरायचा अधिकार होता, आणि नंतर त्यात कलम १०अ घातलं, की पुरावा कायद्याच्या ९२ ला न जुमानता व्यवहाराचं खरं स्वरूप काय ते कोर्टानं शोधावं. म्हणजे इंग्रजाला सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी जे कळलं होतं तेच २०१४ च्या कलम १८ मध्ये परत आलंय, फक्त कोर्टाच्या जागी निबंधक बसलाय. हा बदल छोटा नाही, त्यावर पुढं येतो.

सावकाराचा दुसरा मुद्दा कलम ३००अ चा. कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. हा मुद्दा हलका नव्हता. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं, जी या बाबतीत २० जून १९७९ पासून लागू झाली, मालमत्तेचा मूलभूत हक्क, म्हणजे १९(१)(फ) आणि ३१, घटनेतून गेला आणि त्याच्या जागी ३००अ आलं. २०११ च्या के. टी. प्लांटेशन केसमध्ये घटनापीठानं सांगितलंय की ३००अ मधला कायदा म्हणजे नुसता छापील कागद नाही, त्याला सार्वजनिक हेतू पाहिजे आणि तो मनमानी नको. पण सावकाराची अडचण अशी की इथं विधिमंडळाचा कायदा आहे, हेतू उघड आहे आणि नोटीस-सुनावणी कलमातच आहे. शिवाय महाराष्ट्राचा याहून कडक कायदा सुप्रीम कोर्टानं आधीच वैध ठरवलाय. १९७५ मध्ये आधी वटहुकूम आणि मग कर्जमुक्ती कायदा आला, त्यानं अल्पभूधारक, शेतमजूर, ग्रामीण कारागीर आणि कामगारांची सावकारी कर्जं पुसून टाकली आणि गहाण दागिने परत द्यायला लावले. सावकार लोक वर गेले, फत्तेचंद हिम्मतलाल विरुद्ध महाराष्ट्र राज्य, आणि १९७७ मध्ये घटनापीठानं, निकाल न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिलेला, तो कायदा टिकवला. बँकांची कर्जं तशीच ठेवली आणि आमचीच बुडवली हा भेदभाव आहे, असंही सावकार म्हणाले होते, तेही चाललं नाही. तिथं तर खरं, कबूल असलेलं कर्ज बुडवलं होतं. इथं नुसतं तारण परत द्यायचंय.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मग सरकार कुठलाही करार कधीही मोडू शकतं. तसं अजिबात नाही, आणि सावकाराच्या बाजूनं मी असतो तर मी १९७८ ची मदन मोहन पाठक केस काढली असती. एलआयसीनं २४ जानेवारी १९७४ ला तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीच्या कर्मचाऱ्यांशी समझोता केला, पगाराच्या १५ टक्के रोख बोनस. १९७६ मध्ये, आणीबाणीत, संसदेनं खास कायदा करून त्यातला बोनस रद्द केला. सात न्यायमूर्तींच्या पीठानं तो कायदा उडवला, कारण पक्का झालेला बोनस ही कर्मचाऱ्याची येणी, म्हणजे मालमत्ता, आणि ती भरपाई न देता काढून घेतली. ज्या ३१(२) वर तो निकाल उभा होता ते कलम आज नाही, हे खरं. पण त्या केसची चव वेगळी आहे ते बघा, तिथं सरकारनं स्वतःच्याच महामंडळाची देणी कायदा करून टाळली होती. दोन खाजगी माणसांच्या व्यवहारात दुबळ्याला वाचवणं वेगळं आणि स्वतःचं देणं बुडवायला कायदा करणं वेगळं, कोर्ट दुसऱ्या प्रकारात जास्त बारकाईनं बघतं आणि बघायलाच पाहिजे. मामांची केस पहिल्या प्रकारातली होती.

दुसरी मर्यादा, कायदाच पाहिजे, नुसता जीआर चालत नाही. बिशंभर दयाल केसमध्ये १९८१ लाच सांगून झालंय की ३००अ मधला अधिकार म्हणजे विधिमंडळाचा कायदा, खात्याचं पत्रक नाही. उद्या कलम १८ नसतं आणि मंत्रालयातून नुसतं परिपत्रक निघालं असतं की सावकारी खरेदीखतं रद्द समजा, तर ते पहिल्याच तारखेला पडलं असतं.

तिसरी मर्यादा शिक्षेची आणि इथं मामांच्या पोराला समजवायला मला जास्त वेळ गेला. त्याचं म्हणणं, सावकाराला आत टाका. २०१४ च्या कायद्यात कलम ३९ आहे, बिगर लायसन सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड. पण आपल्या घटनेचं कलम २०(१) सांगतं की कृत्य केलं तेव्हा जो कायदा होता त्याच्यापेक्षा जास्त शिक्षा नंतरच्या कायद्यानं देता येत नाही. कर्ज २०११ चं, शेवटचं व्याज २०१३ चं, त्यामुळं मामांच्या कर्जासाठी कलम ३९ लावताच येत नाही. मजा बघा, व्यवहार एकच, पण त्याचा दिवाणी अर्धा भाग नवा कायदा मागं जाऊन मोडू शकतो आणि फौजदारी अर्ध्याला बोट लावू शकत नाही. पोरगं म्हणालं, "हे काय ओ साहेब, जमीन जुन्या तारखेची काढून घेता येते आणि जेल नाही?" उत्तर हो असंच आहे. घटनेनं मागं जाणारी शिक्षा बंद केलीय, मागं जाणारा दिलासा बंद केलेला नाही.

आता सावकाराच्या मूळ वाक्याकडं, की २०११ मध्ये माझा हक्क पक्का झाला होता. खरंच झाला होता का? २०११ मध्ये मुंबई सावकारी अधिनियम १९४६ लागू होता. त्यातही लायसन लागायचं, आणि कर्ज देताना लायसन नसलेल्या सावकाराला वसुलीचा हुकूमनामा कोर्ट द्यायचं नाही. म्हणजे ज्या दिवशी त्यानं पैसे दिले त्या दिवशीही ते त्याला कोर्टातून वसूल करता आले नसते. खरेदीखताचा सगळा खटाटोप हीच अडचण टाळायला होता. मग २०१४ च्या कायद्यानं नेमकं काय हिरावलं? कायदा टाळून मिळवलेला एक फायदा. घटनेच्या तराजूत त्याचं वजन किती पडणार? मला वाटतं निबंधकापुढं हा मुद्दा सगळ्यात चालला, कारण यानंतर त्यांच्या वकिलांनी घटनेवर बोलणं जवळजवळ बंदच केलं आणि ते तथ्यावर आले.

तथ्यावर खरी लढाई होती आणि ती त्यांनी आधीच करायला हवी होती. निबंधक म्हणजे कोर्ट नाही, त्याच्या एका आदेशानं रजिस्टर खरेदीखत अवैध होतं, म्हणून चौकशी कच्ची राहिली किंवा कारणं लिहिली नाहीत तर तो आदेश घटनेच्या कलम १४ (समानतेचा हक्क) आणि ३००अ या दोन्हींवर अडचणीत सापडतो. सावकाराचा चांगला मुद्दा होता की मी सावकार नाहीच, एकदा मदत केली, मग हा कायदा मला लागू कसा. एखाददुसऱ्यानं ओळखीवर पैसे दिले तर तो धंदा होत नाही, हे बरोबर आहे. त्यावर आम्ही दुय्यम निबंधक कार्यालयातून, म्हणजे रजिस्टर ऑफिसातून, सूची दोनचे (नोंदलेल्या दस्तांच्या यादीचे) उतारे काढले. २००९ ते २०१४ मध्ये त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या नावावर सात खरेदीखतं, सात वेगळे शेतकरी, आणि त्यातल्या चौघांनी येऊन सांगितलं की जमीन अजून आम्हीच कसतो. मामांच्या खतात किंमत तीन लाख, सरकारी मूल्यांकन साडेआठ लाख, आणि मुद्रांक साडेआठ लाखांवर भरलेला. जो माणूस तीन लाखांची जमीन म्हणतो तो साडेआठ लाखांवर मुद्रांक भरतो, आणि पुढं पाच वर्षं ताबाही मागत नाही? त्यात मामांची ती पिशवी, २०१२ ते २०१५ च्या उसाच्या पावत्या मामांच्या नावच्या. उलटतपासात सावकाराला विचारलं की तुमच्या शेतात दुसऱ्याचा ऊस कसा, तर म्हणाला वाट्यानं दिली होती. वाटा किती घेतला? आठवत नाही.

२०१९ मध्ये आदेश झाला, कारणांसह, चांगला लांब. विहिरीखालच्या तीन एकरांपुरतं खत अवैध, ताबा मामांना. सावकार अपिलात पुण्याला विभागीय सहनिबंधकांकडं गेला, २०२१ मध्ये अपील फेटाळलं. हायकोर्टात रिट करतो करतो म्हणाला, अजून तरी केलेलं नाही, आणि आता करायचं तर आपल्या जिल्ह्याचं रिट मुंबईला न जाता कोल्हापूरला जाईल, सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालंय. त्याचे तीन लाख? ते गेले. मामांनी व्याजापोटीच अडीच लाखांवर दिलेत, पण मुद्दल मुद्दल असतं, आणि मला स्वतःला वाटतं की कलम १८ मध्ये मुद्दलाच्या हिशोबाची एक ओळ असती तर कायदा जास्त न्यायाचा झाला असता. १८७९ च्या कायद्यात हिशोब उकरून जे खरं देणं निघेल ते फेडायचं होतं, इथं त्यावर शांतता आहे.

राहिला रस्त्याकडचा गट. दूधवाल्याचं म्हणणं, मी सावकार नाही, मी सातबारा बघून, पूर्ण किंमत देऊन घेतली, माझा काय दोष. आणि हे म्हणणं घटनेच्या बाजूनंही जड आहे. पाथुम्मा विरुद्ध केरळ राज्य, १९७८, सात न्यायमूर्तींनी शेतकऱ्याला लिलावात गेलेली जमीन परत मिळवून देणारा केरळचा कायदा टिकवला, पण तिथं घेणाऱ्याला त्याचे पैसे परत मिळायची सोय होती. इथं तिऱ्हाइताचे पैसे कुठून येणार यावर कलम १८ गप्प. म्हणून त्या गटाचा वाद निबंधकापुढं न ताणता आम्ही दिवाणी दावा लावलाय. आमचा आधार मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ३ चं स्पष्टीकरण, की जमीन विकत घेताना ती प्रत्यक्ष दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात असेल तर त्या माणसाच्या हक्काची घेणाऱ्याला जाणीव होती असं कायदा धरतो. २०१५ मध्ये त्या गटात मामांची ज्वारी उभी होती आणि दूधवाल्याचा गोठा तिथून हाकेच्या अंतरावर. तो म्हणतो सावकारानं सांगितलं की माणूस वाट्यानं करतो. आता कोर्टात वादाचे मुद्दे ठरलेत, त्याची उलटतपासणी व्हायचीय, आणि माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे, की घ्यायच्या आधी मामांना एकदा तरी विचारलं होतं का.